रिकाम्या लिफ्टसाठी थांबलेली ट्राम

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, "तुझ्या पहिल्या नोकरीवर लिही. हलकंफुलकं. कोरोनाचं नको, लोक कंटाळलेत." कंटाळले असतील. पण माझी पहिली नोकरी कोरोनातलीच. आपल्यातले बहुतेक जण तेव्हा घरात लॅपटॉपसमोर होते आणि मी रॉटरडॅमच्या एका मेट्रो स्टेशनवर पिवळं जाकीट घालून उभी होते. तुम्ही ज्याला कंटाळलात ते मी पाहिलंच नाही, आणि मी जे पाहिलं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. हलकंफुलकं दुसऱ्या कुणाकडून तरी घ्या.

मी पिंपरीची. कॉलेजात असल्यापासून कंत्राटी सफाई कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहायची, छापून आणायची आणि गेटवर उभं राहून वाटायची, हे माझं खरं शिक्षण. डेल्फ्टला मास्टर्स करायला आले ते नंतर. पहिली लाट आली, विद्यापीठ बंद झालं, मला काम मिळणार होतं ती कँटीन बंद झाली. मग एका एजन्सीने विचारलं, स्टेशनवर उभी राहशील का? मी हो म्हटलं. स्टेशनचं नाव लिहीत नाही. माझ्या ओळखीची माणसं अजून तिथे कामाला आहेत.

काम काय, ते सांगते. मेट्रो जमिनीखाली. वर चौक, चौकात दोन ट्राम लाइन्स. खालून आलेल्या माणसाला वरची ट्राम मिळावी, यासाठी तर ते स्टेशन बांधलेलं. पण ट्रामच्या ड्रायव्हरला पुढचे रूळ दिसतात, सिग्नल दिसतो. मागे जिन्याच्या तोंडातून कोण धापा टाकत वर येतंय ते दिसत नाही. म्हणून जिन्याच्या तोंडाशी एक माणूस उभा करतात. त्याने हात वर धरला की ड्रायव्हर समजतो, अजून येतायत, थांबायचं. हात खाली आला की दारं बंद, घंटा, निघाली. एवढंच. जुने कर्मचारी सांगायचे, चांगला हात असलेला माणूस असला की चौकात कधी भांडण होत नाही.

लॉकडाऊनमध्ये पहिला हुकूम सुटला तो हा की हात वर करायचा नाही. लोक पळत येतात, दाराशी गर्दी होते, म्हणून ट्राम कुणासाठीही थांबणार नाही. शिवाय ट्राम निम्म्या केल्या. एक चुकली की पुढचीसाठी बसा. तेव्हा प्रवास कोण करत होतं? हॉस्पिटलात फरशा पुसणाऱ्या बायका, वृद्धाश्रमातले मदतनीस, सुपरमार्केटात माल लावणारी माणसं. संध्याकाळी लोक खिडकीत येऊन यांच्यासाठी टाळ्या वाजवायचे. टाळ्या वाजवायच्या, ट्राम थांबवायची नाही! यावर मी एक पत्रक लिहिलंही होतं. पण वाटायचं कुणाला? कागद हातात घ्यायला कुणी तयार नव्हतं.

आणि ते स्टेशन. रात्रीचं रिकामं स्टेशन कुणीही समजू शकतं. भर दुपारी, लख्ख उन्हात रिकामं स्टेशन ही वेगळी गोष्ट आहे. सरकता जिना माणूस नसला की झोपतो आणि पाऊल पडलं की जागा होतो. तो कधी कधी आपोआप जागा व्हायचा, घरघर करत वर यायचा. मी बघत राहायचे, आता डोकं दिसेल, आता खांदे दिसतील. काही नाही. मग परत झोपायचा. वर स्पीकर सांगायचा, एकमेकांपासून अंतर ठेवा. अख्ख्या चौकात मी आणि दोन कबुतरं. रिकामी ट्राम यायची, दारं उघडायची, रिकाम्या खुर्च्यांना पुढच्या स्टॉपचं नाव सांगायची आणि निघून जायची.

जी चार माणसं यायची ती मला पाहून भिंतीला घासून जायची. जमिनीवर पिवळी वर्तुळं, ज्याने त्याने आपापल्या वर्तुळात. दीड मीटर. पुण्यात मी याच विषयावर घसा फोडून बोललेय, कोण कुणाला शिवत नाही आणि का. इथे कुणीच कुणाला शिवत नव्हतं. सगळं शहरच सोवळ्यात! आणि सोवळं नीट पाळलं जातंय ना, हे बघायला पिवळं जाकीट घालून कोण उभं? तर मी.

तर, लिफ्ट. जिन्याशेजारी एक लिफ्ट होती, लोखंडी दारांची, थेट ट्रामच्या स्टॉपसमोर उघडणारी. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की दुपारी ठरावीक मेट्रो येऊन गेली की लिफ्ट वर येते, दार उघडतं, आत कुणी नसतं. थोडा वेळ दार उघडं राहतं. मग बंद होतं आणि लिफ्ट खाली जाते. कधी कधी नव्हे, रोज. तीच मेट्रो, तीच लिफ्ट, आत तोच पांढरा दिवा आणि आरसा. आरशात मी.

त्या वेळी स्टॉपवर इंदिराताईची ट्राम उभी असायची. इंदिराताई सुरिनामची. तिचे पणजोबा बिहारकडून जहाजात घालून तिकडे उसाच्या मळ्यांवर नेलेले, ती स्वतः इथे रॉटरडॅमला वाढलेली, पंचावन्नच्या पुढची, केस लाल रंगवलेले. माझ्याशी तिच्या पद्धतीचं हिंदी बोलायची. लिफ्टबद्दल मी तिला विचारलं तर म्हणाली, "हमने भी देखा है. कोई है उसमें."

"ताई, लिफ्ट बिघडलीय."

"बिगड़ी होती तो रोज एक ही टाइम पे बिगड़ती? कोई है, बेटी. कहीं जाना है उसको."

आणि तिने काय करावं? लिफ्ट रिकामी उघडली की ती आपल्या ट्रामचं मधलं दार उघडायची. क्षणभर वाट पाहायची, कुणी चढल्यावर थांबतात तशी. मग दार लावायची, घंटा वाजवायची आणि जायची. मी देवाधर्मातली नाही, भुताखेतातली तर नाहीच. पण ते मधलं दार रिकाम्या चौकात उघडायचं तेव्हा मी बाजूला सरकून उभी राहायचे. वाट द्यावी तशी.

ट्राम गेली की मी खाली प्लॅटफॉर्मवर चक्कर मारायला जायचे. वर येऊन बघावं तर स्टॉपच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. जाड कोट, कानटोपी, तोंडावर मफलर. कंट्रोल रूमने कॅमेऱ्यात त्यांना पाहिलं आणि मला निरोप आला की हे रोज नुसते बसतात, त्यांना घरी पाठव. म्हणून दीड मीटरवर उभी राहून मी इंग्रजीत विचारलं, "तुमचा प्रवास अत्यावश्यक आहे का?"

मफलरच्या आतून आवाज आला, स्वतःशीच, "घ्या! आता हिला काय कपाळ सांगू?"

"मराठीत सांगा," मी म्हटलं.

ते दचकून उठले आणि परत बसले. "अगं बाई! मराठी? कुठली गं तू?"

"पिंपरी."

"हां हां. आणि आडनाव?"

आलं! सातासमुद्रापार, साथीच्या तोंडात, दीड मीटरवरून, पण आडनाव विचारायचं राहत नाही. आमचं आडनाव ऐकल्यावर समोरच्या चेहऱ्याचं जे होतं ते मी लहानपणापासून पाहत आलेय.

"नाव वैशाली. ट्रामला आडनाव लागत नाही, काका."

"तोंड फार चालतं तुझं."

"तेवढंच चालतंय काका, बाकी सगळं बंद आहे."

ते मफलरच्या आत हसले असावेत. मग सगळं सांगितलं. सांगलीला त्यांचं औषधांचं दुकान. सुनेचं बाळंतपण काढायला दोघं इथे आली आणि विमानं बंद झाली. त्यातच काकू बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, पण भेटायला कुणालाही सोडत नव्हते. सुनेचे दिवस भरलेले, तिला सोडून मुलाला बाहेर पडता येईना. काकूंना मराठीशिवाय भाषा येत नाही आणि भोवती सगळी प्लास्टिकचे झगे घातलेली, डोळे तेवढे दिसणारी माणसं.

"फोनवर बोलत नाही का तुम्ही?" मी विचारलं.

"तिथेच तर घोटाळा झाला," काका म्हणाले. "नर्सने तिला टॅबवर मला दाखवलं. मी हसलो, आणि नेट अडकलं. तसाच राहिलो. हसरा. चौकटीत."

चौकटीतला न हलणारा हसरा चेहरा आपल्याकडे भिंतीवर कधी लागतो, ते मी सांगायला नको. काकूंनी मुलाला फोन केला आणि शांतपणे विचारलं, "मला त्यांचा फोटो दाखवलात. कधी गेले, तेवढं तरी सांगा." मुलगा नाही नाही म्हणाला, तो लपवतोय असं त्यांना वाटलं. त्या दिवसांत घरोघर लोक लपवतच होते. काका स्वतः बोलले, तर म्हणाल्या, आवाज काय, टेपवरही असतो. तेव्हापासून जेवण सोडलेलं. पाय जमिनीला टेकवायला नकार. डॉक्टरने मुलाला स्पष्ट सांगितलं होतं की ही बाई जेवली नाही, उठली नाही, तर या वयात आमच्या हातात फार काही उरणार नाही.

एका नर्सला दया आली. ती रोज दुपारी थोडा वेळ काकूंची चाकाची खुर्ची खिडकीशी आणायची. काकांनी खाली सायकलस्टँडपाशी उभं राहायचं, काकूंनी वरून बघायचं. पण काका पोचायचे तोवर नर्सला दुसऱ्या पेशंटकडे जावं लागायचं आणि खुर्ची परत गेलेली असायची. रोज. ट्राम चुकायची म्हणून.

"अहो, पण मेट्रो तर वेळेवर येते."

"येते की. पण ती लिफ्ट! सरकत्या जिन्यावर पाय ठेवायची माझी छाती होत नाही आणि साधा जिना गुडघ्यांना झेपत नाही. लिफ्टमध्ये कोण खोकून गेलेलं असेल? घरात आज-उद्या बाळ येणार. म्हणून मी बाहेरून हात घालून वरचं बटण दाबतो आणि तिला एकदा रिकामीच पाठवतो. हवा निघून गेली की दुसऱ्या खेपेला बसतो."

म्हणजे आमचं भूत ते हे. मी म्हटलं, "काका, मी मेट्रो यायच्या आधीच लिफ्ट रिकामी फिरवून ठेवते. तुम्ही थेट बसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "नको," म्हणाले. "माझं मी करीन."

नको कशाला? विषाणूला, की मला? मी न सांगितलेलं आडनाव त्यांनी ओळखलं होतं का? मला आजही माहीत नाही आणि मी उगाच मोठेपणा घेऊन 'त्यांच्या मनात तसं काही नव्हतं' असं लिहिणार नाही. राग आला होता. पण तिकडे खिडकीत एक बाई, आपला नवरा मेला असं समजून, उपाशी मरत होती. राग थांबू शकतो.

इंदिराताईला सांगितलं. ती आधी खो खो हसली. "तो हम इतने दिन हवा के लिए दरवाजा खोल रहे थे?" मग हसू थांबलं. तिची आई त्याच महिन्यात वृद्धाश्रमात वारली होती. "हमने माँ को काँच के बाहर से बिदा किया," ती म्हणाली. "तू हाथ उठा, बेटी. जो होगा देखेंगे."

दुसऱ्या दिवशी मेट्रो आली. लिफ्ट वर आली, उघडली, रिकामी. मी हात वर केला. इंदिराताई थांबली. निघायची वेळ झाली तशी तिच्या केबिनमधला वायरलेस बोलायला लागला. उघड्या खिडकीतून मला ऐकू येत होतं.

"का उभी आहेस?"

"प्रवासी येतोय."

"मला कॅमेऱ्यात दिसतंय. लिफ्ट रिकामी आहे."

"हो."

"मग प्रवासी कुठाय?"

"येतोय."

लिफ्टचं दार बंद झालं, ती खाली गेली. चौकात कुणी नाही, ट्राममध्ये कुणी नाही, आणि मी हात वर धरून उभी. लिफ्ट येईना. त्या शांततेत माझ्या मनात जे आलं ते आलंच: ते म्हातारे गृहस्थ माझ्याशिवाय कुणाशी बोललेत का? इंदिराताईने त्यांना पाहिलंय का? एकदाही नाही. हात खाली घ्यावा असं वाटायला लागलं आणि तेवढ्यात दार उघडलं. कानटोपी, मफलर, जाड कोट. "उभी आहे का गं?" काकांनी विचारलं.

"चढा लवकर!"

त्या दिवशी ते वेळेवर पोचले. त्यानंतरही पोचले. एजन्सीकडून मला फोन आला की तू नसलेल्या माणसांसाठी ट्राम थांबवतेस अशी तक्रार आहे. मी विचारलं, नसलेली माणसं म्हणजे नेमकी कोण? फरशा पुसणाऱ्या? पुढच्या तक्रारीनंतर उत्तर मिळालं, उद्यापासून येऊ नकोस. अशा कंत्राटात नोटीस वगैरे काही नसते. पिंपरीतही नसते.

पण त्या शेवटच्या दिवशी काका परतीच्या ट्राममधून उतरले तेच खांदे पाडून.

"दिसलो मी तिला," ते म्हणाले. "तरी पटत नाही. म्हणते, मेल्यावरच असे येतात."

"म्हणजे?"

"मी उभा राहतो ती जागा इमारतीच्या सावलीत आहे. तर म्हणते, तुमची सावली पडत नाही. आणि म्हणते, जाणारी-येणारी माणसं तुम्हाला वळसा घालून जातात. कुणाचा धक्कासुद्धा लागत नाही." मग म्हणाले, "उद्या चलतेस? तू तरी सांग तिला."

उद्या मला कामच नव्हतं. जाकिटाशिवाय चौकात गेले, लिफ्ट रिकामी उघडली, हात वर केला. इंदिराताई थांबली. काका आले, आणि आम्ही दोघं ट्रामच्या दोन टोकांना बसून गेलो.

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला सायकलस्टँड होता. वर काचांच्या रांगा, काचांत आभाळ. आतलं दिसायचं ते पाण्याखालचं दिसावं तसं. खरंच माणसं आम्हाला वळसा घालून जात होती, नजर न देता, मोठा अर्धगोल काढून. दुसऱ्या मजल्यावर एका काचेत पांढरे केस दिसले, मागे प्लास्टिकचा निळा झगा. काकांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला आणि हात हलवला.

"आलात?" काकूंचा आवाज अगदी मऊ होता. "रोज का हो येता? काही राहिलंय का मनात? सांगा, मी करते पुरं. पण असे उभे राहू नका."

"अगं, मी जिवंत आहे!"

"तसंच वाटतं म्हणे त्यांना." मग काकूच पुढे म्हणाल्या, "सुनेचं सुखरूप होऊ दे. मग मी येतेच आहे तिकडे. थोडी कळ काढा."

काकांचा हलवलेला हात तसाच वर राहिला. मी पुढे होऊन फोनच्या दिशेने ओरडले, "काकू, मी पिंपरीची वैशाली! काका धडधाकट आहेत. कटकट करतात!"

वर ते पांढरं डोकं हललं. "तुला दिसतात ते?"

"दिसतात म्हणजे? दिसतात की!"

"मग एवढी लांब का उभी?"

"नियम आहे, काकू. सगळे लांबच उभे राहतात."

"ते मला काही सांगू नकोस. हात लाव त्यांना. आरपार जातो का, बघू दे मला."

मी काकांकडे पाहिलं. आमच्या मधे दीड मीटर होतं. ते माझ्याकडे बघत होते, मग खाली, मग वर खिडकीकडे. ते काय काय मोजत होते ते त्यांचं त्यांना माहीत. मी जागची हलले नाही. विचारल्याशिवाय मी कुणाला हात लावत नाही, आणि कुणी नको म्हटल्यावर तर नाहीच.

"लाव," काका म्हणाले.

मी दोन पावलं पुढे गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कोट जाड होता. आत खांदा असा नव्हताच, नुसतं हाड.

"दाब," फोनमधून आवाज आला.

मी दाबला. काका तोल जाऊन एका बाजूला झुकले आणि माझ्याच दंडाला धरून सावरले. वर काचेवर पाची बोटं उमटली.

"अगं बाई!" काकूंचा आवाज एकदम बदलला, स्वयंपाकघरातून यावा तसा. "किती वाळलात हो! खाता की नाही काही?"

दाराशी उभा असलेला सिक्युरिटीवाला डचमध्ये साहेब-बाईसाहेब करत, ओरडत आमच्याकडे निघाला होता, "मेनेर! मेव्राव! दीड मीटर!" मी हात काढणार, तर काकांनी माझा दंड सोडला नाही. त्याच्याकडे वळून, ज्याला एक अक्षर कळणार नव्हतं त्याला, ते मराठीत खेकसले, "थांब रे जरा! बघतेय ना ती!"

आणि फोनमध्ये काकू तिकडे नर्सवर ओरडत होत्या, त्याही मराठीतच, "ए पोरी, ते मघाचं ताट नेलंस का? आण परत."